हाताला कळणारे शिल्प

गेओर्ग येन्सन यांना शिल्पकार व्हायचे होते. कोपनहेगनच्या उत्तरेला असलेल्या रॉडवाड या खेड्यात १८६६ साली त्यांचा जन्म झाला. गावात सुऱ्या-कात्र्या बनवणारा कारखाना होता आणि वडील तिथेच कामाला होते. चौदाव्या वर्षी मुलगा कोपनहेगनमध्ये सोनाराच्या हाताखाली उमेदवारीला लागला. ती संपल्यावर त्यांनी रॉयल अकादमीत शिल्पकलेचा अभ्यास सुरू केला आणि १८९२ मध्ये तो पुरा केला. पण पुतळ्यांवर संसार चालेना. मग काही काळ मातीची भांडी घडवून पाहिली, मोगेन्स बालिन यांच्या कार्यशाळेत धातूकाम केले आणि अखेर १९०४ मध्ये ब्रेडगादे या रस्त्यावरच्या ३६ क्रमांकाच्या इमारतीत स्वतःचे चांदीकामाचे लहानसे दुकान थाटले. सुरुवातीला दागिने, आणि लगोलग चहादाण्या, चमचे, काटे, वाडगे.

येन्सन यांची ही हकीकत पुष्कळदा हुकलेल्या शिल्पकाराची कथा म्हणून सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. अकादमीत शिकलेले सगळे त्यांनी जेवणाच्या टेबलावर आणले, आणि त्यांच्यामागून डेन्मार्कमधल्या शिल्पकारांची, चित्रकारांची आणि वास्तुकारांची एक मोठी रांग त्याच टेबलापाशी आली. काटा, सुरी, सुरई, चहादाणी या वस्तूंसाठी पुतळ्याइतकाच विचार करायचा, ही सवय त्या देशाला विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत लागली. हे पुस्तक त्या सवयीचा मागोवा घेते. माझे म्हणणे थोडक्यात असे : या भांड्यांमधले शिल्प डोळ्यांइतकेच हाताला कळते, आणि रोजच्या वापरानेच त्याला आकार दिला आहे. वापर बाजूला ठेवून त्यांच्याकडे पाहिले, तर त्यातले निम्मे शिल्प दिसतच नाही.

'शिल्प' हा शब्द मी इथे कोणत्या अर्थाने वापरतो, ते आधीच सांगितलेले बरे. भांड्यावर कोरलेली वेलबुट्टी किंवा कानाला चिकटवलेली सिंहाची मुंडकी म्हणजे शिल्प, असा अर्थ मला अभिप्रेत नाही. तसली सजावट युरोपातल्या चांदीच्या भांड्यांवर कित्येक शतके होतीच. शिल्पकार ज्या गोष्टींचा विचार करतो त्या वेगळ्या : वस्तुमान कुठे जमा होते आणि कुठे विरळ होते, एक पृष्ठभाग दुसऱ्यात कसा मिसळतो, कडेवर उजेड कसा वळतो, आणि भरीव भागांच्या मध्ये जी पोकळी उरते तिला स्वतःचा आकार आहे की नाही. चमच्याच्या बाबतीत हेच प्रश्न विचारता येतात. तिथे आणखी एका प्रश्नाची भर पडते : हे सगळे बोटांना आणि ओठांना कसे लागते?

डेन्मार्कमध्ये हे घडले त्यामागे कोपनहेगन शहराची घडण आहे. बर्टेल थोरवाल्डसन या शिल्पकारासाठी तिथे १८४८ मध्ये स्वतंत्र संग्रहालय उघडले. एका शिल्पकाराच्या कामासाठी अख्खी इमारत उभी करणारे शहर शिल्पाला दुय्यम मानणार नव्हते. ही इमारत गॉटलिब बिंदेस्बोल या वास्तुकाराने बांधली. त्याचा मुलगा थोरवाल्ड बिंदेस्बोल हाही वास्तुकार झाला, पण त्याचे नाव राहिले ते मातीच्या भांड्यांमुळे आणि ए. मिकेलसन या पेढीसाठी केलेल्या चांदीच्या कामामुळे. ढगांसारख्या फुगीर, जाड, वळणदार आकारांनी त्याने भांड्यांवरची जुनी नाजूक नक्षी झुगारून दिली. वडिलांनी शिल्पाला घर दिले आणि मुलाने शिल्प घरात आणले, असे म्हणायला हरकत नाही. १८९० मध्ये याच शहरात उपयोजित कलांचे संग्रहालय स्थापन झाले. त्यामुळे कारागीर, कलावंत आणि कारखानदार यांना एकमेकांचे काम पाहण्याची हक्काची जागा मिळाली.

या वातावरणात येन्सन यांचे दुकान वाढले. १९०५ च्या सुमाराच्या त्यांच्या एका प्रसिद्ध चहादाणीच्या झाकणावर मॅग्नोलियाची फुगलेली कळी आहे. कळी सजावटीची खरी, पण झाकण उचलताना चिमटीत धरायचीही तीच. येन्सन यांच्या भांड्यांचा पृष्ठभाग लगेच ओळखू येतो. घडवताना पडलेल्या हातोडीच्या खुणा ते पूर्ण पुसून टाकत नसत, झगमगाटी चकाकीही देत नसत. खोलगट भागांत किंचित काळपटपणा राहू देत. त्यामुळे चांदीवर मंद, सायीसारखा उजेड पसरतो आणि आकाराची उंच-सखल जागा नीट वाचता येते. आरशासारख्या पृष्ठभागात आपल्याला खोली दिसते, भांडे दिसत नाही. शिल्पकाराने चांदीची चकाकी मुद्दाम कमी केली ती या कारणाने.

१९०६ पासून योहान रोडे हे चित्रकार त्यांच्यासोबत काम करू लागले. येन्सन यांचा ओढा फळाफुलांकडे, तर रोडे यांचा साधेपणाकडे. रोडे यांनी १९२० मध्ये एका सुरईचा आराखडा केला : नासपतीसारखे पोट, एका ओघात वर जाणारी रेघ, अंगावर कसलीही नक्षी नाही. ती काळाच्या फार पुढे आहे, गिऱ्हाइकांना पचणार नाही, असे वाटल्यामुळे तिचे उत्पादन १९२५ पर्यंत थांबले. आज ती पाहताना तेव्हा कुणाला काय खटकले असेल, हे समजणे अवघड जाते. पण या इतिहासात अशा थांबण्यालाही महत्त्व आहे. साधा आकार सहज स्वीकारला गेला नाही. त्यासाठी कुणाला तरी वाट पाहावी लागली.

काई बोयेसन यांनी १९०७ ते १९१० या काळात येन्सन यांच्याकडेच काम शिकून घेतले. पुढे ते त्या फुलाफळांच्या शैलीपासून दूर गेले. १९३१ मध्ये कोपनहेगनमध्ये 'डेन पर्मनेंटे' ही डॅनिश हस्तकारांची कायमस्वरूपी प्रदर्शन-विक्रीची संस्था उभी राहिली, तिच्या प्रवर्तकांपैकी ते एक होते. १९३८ मध्ये त्यांनी जेवणाच्या काटे-सुऱ्यांचा एक संच आखला. १९५१ च्या मिलान त्रिवार्षिक प्रदर्शनात त्याला ग्रांप्री मिळाली आणि तेव्हापासून संचाचे नावच 'ग्रांप्री' पडले. यातला काटा जवळून पाहण्यासारखा आहे. दाते आखूड आहेत, जेमतेम घास टोचण्यापुरते. दात्यांमागचा भाग त्या मानाने रुंद, उथळ चमच्यासारखा खोलगट. दांडा मानेपाशी बारीक होतो आणि शेवटाकडे पुन्हा भरतो, म्हणजे तळहातात जिथे वजन टेकते तिथे धातू जास्त आणि जिथे फक्त बोटे वळतात तिथे कमी. कडा सगळीकडे गोल केलेल्या. काट्यावर सजावटीची एक रेघही नाही, तरी तो रिकामा वाटत नाही. बोयेसन लाकडी खेळणीही करत. त्यांचे १९५१ चे सागवानी माकड जगभर गेले. मुलाच्या मुठीत मावणारी वस्तू घडवणारा माणूस मोठ्यांच्या मुठीचाही तितकाच बारकाईने विचार करतो, याचे मला नवल वाटत नाही.

इथे चांदीचे भांडे कसे घडते, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. चांदीचा गोल पत्रा लोखंडी आधारावर ठेवून हातोडीने ठोकत ठोकत त्याला उभारी द्यायची. ठोकल्याने धातू कडक होतो, आणखी ठोकला तर तडकतो. म्हणून मध्येच लाल होईपर्यंत ताव द्यायचा, आम्लात बुडवून स्वच्छ करायचा, पुन्हा ठोकायचा. आकार मिळाला की सपाट तोंडाच्या हातोडीने सगळा पृष्ठभाग एकसारखा करायचा. पुण्याच्या तांबट आळीत हंडे आणि बंब ज्या मठारकामातून तयार होतात, त्याच जातीचे हे काम. आपल्याकडे मठारल्याच्या खुणा भांड्याची शोभा म्हणून राखतात. येन्सन यांनी त्या अर्ध्यामुर्ध्या ठेवल्या. त्यांच्या नंतरच्या पिढीने त्या साफ नाहीशा करायला सांगितल्या, आणि तिथून कारागिराची खरी परीक्षा सुरू झाली. नक्षीखाली सांधा झाकता येतो, डाग दिल्याची जागा लपवता येते, पृष्ठभागातली बारीक लाट कुणाच्या लक्षात येत नाही. गुळगुळीत, सलग पृष्ठभागावर यातले काहीच लपत नाही. साधे भांडे करायला सोपे असते, हा समज इथे पार कोलमडतो.

हे ओझे कारागिरांवर सर्वांत जास्त टाकले ते हेनिंग कोपेल यांनी. १९१८ मध्ये कोपनहेगनच्या ज्यू कुटुंबात जन्मलेले कोपेल शिक्षणाने शिल्पकार. अकादमीत आणि नंतर पॅरिसमध्ये ते शिकले. महायुद्धाच्या काळात त्यांना स्वीडनचा आसरा घ्यावा लागला. १९४५ मध्ये परत आल्यावर ते येन्सन यांच्या पेढीत दाखल झाले. येन्सन १९३५ मध्येच वारले होते. कोपेल भांड्याची कल्पना कागदावर टिपत आणि मग मातीत घडवत. ती मातीची प्रतिकृती चांदीत उतरवणे हे कारागिरांचे काम. मातीला हवे तिथे दाबता येते, पण चांदीचा पत्रा ताणायला मर्यादा आहेत. त्या मर्यादांपाशी कोपेल आणि कारागीर यांच्यात जी ओढाताण झाली, तिच्यातून विसाव्या शतकातली काही सर्वोत्तम भांडी जन्माला आली.

त्यांतले एक म्हणजे १९५२ ची ९९२ क्रमांकाची सुरई. तिला कौतुकाने 'गर्भार बदक' म्हणतात. पोट खाली भरलेले आहे, तिथून अंग निमुळते होत वर जाते आणि शेवटी रुंद चोच होऊन पुढे झेपावते. कान वेगळा जोडल्यासारखा भासत नाही. काठाचीच रेघ मागे वळून खाली येते आणि पोटात विरघळते. समोरून पाहिली तर ती शांत बसलेली दिसते, बाजूने पाहिली तर निघण्याच्या बेतात असलेली. एका बाजूच्या छायाचित्रावरून दुसऱ्या बाजूचा अंदाज करता येत नाही, ही तर उत्तम शिल्पाची खूणच. पण मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पोट खाली असल्यामुळे भरलेल्या सुरईचे वजन तळाशी राहते, ती टेबलावर घट्ट बसते. ओतताना तिरकी केली की वरचा अरुंद भाग पाण्याला एकदम धावू देत नाही. कान आणि पोट यांच्यामधली पोकळी नुसती सुंदर नाही, तिच्यातून चार बोटे आत जातात. आकार पाण्याच्या वागण्यातून आणि मनगटाच्या हालचालीतून आलेला आहे. १९५४ मध्ये कोपेल यांनी झाकणासह मासे वाढण्याचे दोन फुटांहून लांब ताट केले, तेही असेच. झाकणाची फुगीर पाठ पाहताच आत काय आहे ते कळते, माशाचा एक खवलाही न कोरता.

मात्र एवढे कष्ट आणि एवढी चांदी घेणारे भांडे रोजच्या घरात जाणार कसे? या प्रश्नाला बगल देऊन डॅनिश भांड्यांवर लिहिणे मला अप्रामाणिक वाटते. कोपेल यांची चांदीची सुरई विकत घेणारे थोडेच होते. ती संग्रहालयांत, श्रीमंतांच्या घरांत आणि समारंभांत राहिली. शिल्पगुण आणि रोजचा वापर यांची खरी गाठ पडली ती स्टेनलेस स्टीलमध्ये.

लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद करण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये साधली. भांड्यांसाठी पुढे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण रूढ झाले. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला, चांदी मिळेनाशी झाली, आणि येन्सन यांच्या पेढीला या नव्या धातूकडे वळावे लागले. गुंडॉर्फ अल्बर्टस या शिल्पकाराने आखलेला 'मित्रा' हा स्टीलचा संच १९४१ चा. टंचाईतून सुरू झालेली ही वाट युद्धानंतर राजमार्ग झाली.

स्टीलचा स्वभाव चांदीच्या उलट. ते हातोडीला दाद देत नाही, वाकवले तर उसळून मागे येते, लवकर कडक होते. त्याला यंत्राने, जबरदस्त दाबाखाली, पोलादी साच्यात दाबावे लागते. चमच्यासाठी पट्टी कापायची, वाटीकडचा भाग लाटून पातळ करायचा, साच्यात दाबायचा, कडा घासायच्या, काट्याच्या दात्यांमधल्या फटीसुद्धा गुळगुळीत करायच्या. साचा महाग असतो आणि एकदा झाला की त्यात बदल करणे जवळजवळ अशक्य. चांदीचा कारागीर घडवता घडवता चूक सुधारू शकतो, स्टीलमध्ये सगळे निर्णय आधी घ्यावे लागतात. म्हणून तर शिल्पकाराची गरज या कामात कमी झाली नाही, उलट वाढली. दांड्याची जाडी कुठे किती असावी, हे मातीच्या किंवा लाकडाच्या नमुन्यावर हात फिरवून ठरवणाऱ्या माणसाचे एकदाचे बरोबर आलेले उत्तर हजारो घरांत जाणार होते.

येन्स क्विस्टगोर हे याचे चांगले उदाहरण. शिल्पकाराचा मुलगा, स्वतःही शिल्पकाराच्या हाताचा. त्यांच्या 'फ्योर्ड' या संचात स्टील आणि सागवान एकत्र आले. सागवानी दांडा मुठीत भरतो आणि निमुळत्या होत जाणाऱ्या स्टीलमध्ये शिरतो. टेड निरेनबर्ग या अमेरिकी उद्योजकाने १९५४ मध्ये तो संच कोपनहेगनच्या उपयोजित कलांच्या संग्रहालयात पाहिला आणि त्यातून 'डान्स्क डिझाइन्स' ही कंपनी उभी राहिली. त्याच कंपनीसाठी क्विस्टगोर यांनी मुलामा दिलेल्या पोलादी पातेल्यांची मालिका केली. तिच्या झाकणाची मूठ म्हणजे पट्ट्यांची एक फुली आहे. झाकण उलटे करून टेबलावर ठेवले की तीच फुली पाय बनते आणि गरम पातेले त्यावर ठेवता येते. एका आकाराने दोन कामे केली, आणि दोन्ही वेळा तो देखणाच राहिला.

आर्ने याकोबसन यांचा मार्ग वेगळा. ते वास्तुकार. कोपनहेगनमधल्या १९६० मध्ये सुरू झालेल्या एसएएस रॉयल हॉटेलची इमारत त्यांची, खुर्च्या, दिवे आणि काटे-चमचेही त्यांचेच. १९५७ च्या या संचात प्रत्येक वस्तू जणू स्टीलची एकच लांब पात आहे. सुरीचे पाते कुठे सुरू होते ते पटकन सांगता येत नाही, चमच्याची वाटी लहान, काट्याचे दाते तोकडे. त्यावर टीकाही खूप झाली : यांनी जेवता येत नाही, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटात अंतराळवीरांच्या हातात हाच संच दिसतो, भविष्यकाळातला म्हणून. मला स्वतःला ती टीका पूर्ण चुकीची वाटत नाही. डोळ्याला या संचात जेवढे मिळते तेवढे हाताला मिळत नाही, आणि बोयेसन यांच्या काट्याशेजारी तो ठेवला की हे उघड होते. पुस्तकात ही दोन्ही उदाहरणे लागोपाठ घेतली आहेत ती यासाठीच.

याच याकोबसन यांनी पुढे 'सिलिंडा' मालिकेत मात्र हाताला त्याचा पुरता वाटा दिला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या स्टेल्टन या छोट्या कंपनीत त्यांचे सावत्र पुत्र पीटर होल्मब्लाड काम करत. त्यांच्या आग्रहावरून याकोबसन यांनी दंडगोल हा एकच आकार घेऊन चहादाणी, कॉफीदाणी, बर्फाचे भांडे अशी सगळी मालिका आखली. तेवढे काटेकोर दंडगोल तेव्हाच्या यंत्रांवर होत नव्हते. जोडणीच्या नव्या पद्धती बसवाव्या लागल्या, आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर १९६७ मध्ये मालिका बाजारात आली. कोपेल यांच्या सुरईत सगळे वाहते, इथे सगळे थांबलेले. तरी हेही शिल्पच. काळ्या कानाची चौकोनी चौकट गरजेपेक्षा मोठी वाटते, पण तिच्या आतली रिकामी जागा आणि शेजारचा भरीव दंडगोल यांच्यातले माप इतके नेमके आहे की पोकळीसुद्धा वस्तूचा भाग होते. आणि त्या मोकळ्या जागेमुळे बोटे गरम स्टीलपासून दूर राहतात.

पुढील प्रकरणे कामानुसार लावली आहेत : धरायच्या वस्तू, ओतायच्या वस्तू, वाढायच्या वस्तू. कालक्रम मुद्दाम मोडला आहे, कारण १९०५ ची चहादाणी आणि १९६७ ची चहादाणी शेजारी ठेवल्यावर जे शिकायला मिळते ते साठ पानांच्या अंतराने मिळत नाही. मराठी वाचकांपैकी बहुतेकांच्या घरात काटा आणि सुरी रोज लागत नाहीत, हे मला अडचणीचे वाटत नाही. हाताने जेवणाऱ्याला भाताचा मऊपणा, पोळीची ऊब, आमटीचा दाटपणा बोटांनी कळतो. स्पर्शाची ही जाण घेऊन जो या वस्तूंकडे पाहील, त्याला त्यांच्यातले कमी-जास्त लवकर उमगेल. प्रत्येक वस्तूपाशी तीन गोष्टी तपासाव्यात, अशी माझी विनंती आहे : वजन कुठे आहे, अंगठा कुठे टेकतो, आणि शेवटचा थेंब कुठे जातो.

डेन्मार्कमधल्या या माणसांनी महान वस्तू आणि साधी वस्तू यांच्यासाठी दोन वेगळ्या प्रतीचे कष्ट ठेवले नाहीत. त्यांच्या वस्तूंच्या किमती नेहमीच सामान्यांच्या आवाक्यात राहिल्या असे नाही, आणि त्यांचा प्रत्येक आकार हाताला पटला असेही नाही. पण चमच्यावर शिल्पकाराने वर्ष घालवणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, हे त्यांनी सिद्ध केले. पुतळ्यासमोर माणूस वर्षाकाठी एखाद्या वेळी उभा राहतो, चमचा दिवसातून अनेकदा ओठांपर्यंत येतो. कलावंताच्या उत्तम लक्षाचा पहिला हक्क रोज हाती येणाऱ्या वस्तूंचा आहे, ही माझी धारणा आहे, आणि पुढची सगळी पाने त्या धारणेच्या बाजूने दिलेली साक्ष आहे.